तुर्की शिकायला इस्तंबूलला जाताना : पहिले दोन आठवडे आणि एक जुनी वस्ती

नाशिकहून तुर्की भाषा शिकण्यासाठी इस्तंबूलला जाणाऱ्या विद्यार्थ्याला मी सर्वांत आधी एकच गोष्ट सांगतो : तुर्की मराठीतून शिका. तिथल्या भाषावर्गात शिक्षक पहिल्या तासापासून तुर्कीतच बोलतात, त्यामुळे ऐकलेल्या वाक्याचा अर्थ मनात कोणत्या भाषेत लावायचा हे पूर्णपणे आपल्या हातात असते. आणि नेमके इथेच आपल्यापैकी बहुतेक जण सवयीने इंग्रजीकडे वळतात आणि विनाकारण दमतात. खाणावळीत शाकाहारी माणसाला रोज विचारावा लागणारा प्रश्न घ्या : ‘इचिन्दे एत वार मि?’ ‘इचिन्दे’ म्हणजे आत, ‘एत’ म्हणजे मांस, ‘वार’ म्हणजे आहे आणि ‘मि’ म्हणजे का. आत मांस आहे का? शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. हे वाक्य इंग्रजीतून उभे करायचे तर त्याची उलटापालट करावी लागते. मराठीतून ते आपोआप उभे राहते.

निघण्याआधी

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. पर्यटक म्हणून जाऊन तिथे विद्यार्थी होता येईल या भरवशावर निघू नका. शिक्षणासाठीचा व्हिसा इथूनच काढावा. तुर्कीचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. पदवी आणि गुणपत्रिकांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारे सरकारी प्रमाणन, करून घ्या आणि मूळ प्रती हातातल्या पिशवीत ठेवा. मला एका सल्लागाराने छायाप्रती पुरतात असे सांगितले होते, आणि त्या एका वाक्यामुळे माझा पहिला आठवडा नोटरीच्या रांगेत गेला. तुर्की सरकारच्या ‘तुर्किये बुर्सलारी’ या शिष्यवृत्तीत मुख्य अभ्यासक्रमाआधी एक वर्षाचे भाषाशिक्षण समाविष्ट असते. स्वखर्चाने जाणाऱ्यांसाठी विद्यापीठांची भाषाकेंद्रे आहेत, त्यांपैकी अंकारा विद्यापीठाचे ‘तोमेर’ 1984 पासून चालू आहे.

तिथे पोहोचल्यावर व्हिसाची मुदत संपण्याआधी निवास परवान्याचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि त्यासाठी आरोग्य विमा व राहण्याचा पत्ता लागतो. घर घेणार असाल तर एक काळजी घ्या : काही वस्त्यांत परदेशी नागरिकांची नवी निवास नोंदणी बंद केलेली आहे, म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी त्या पत्त्यावर नोंदणी होईल ना, हे विचारून घ्या. सोबत नेलेल्या फोनमध्ये तिथले सिमकार्ड घातले, तर 120 दिवसांनंतर शुल्क भरून नोंदणी केल्याशिवाय तो फोन तिथल्या नेटवर्कवर चालत नाही, हेही आधी माहीत असलेले बरे.

आता तयारीचा खरा भाग. जाण्याआधीच्या महिन्यात दोन-तीन सकाळी जुन्या नाशकात पायी फिरा. तुम्ही जन्माने नाशिककर असलात तरी फिरा, कारण आपण या गल्ल्यांतून कामापुरते जातो, त्या वाचत नाही. रविवार कारंजावरून आत शिरा, तांबट आळी, सराफ बाजार, दहीपूल असे करत गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, उतरा, आणि जाताना प्रत्येक नावाशी एक क्षण थांबा. कोणत्या गल्लीला व्यवसायाचे नाव आहे, कोणता उतार नदीकडे जातो, वाड्याचा दरवाजा किती आत आहे आणि वरचा सज्जा किती पुढे आला आहे, हे वहीत लिहा. ही नजर तयार झाली, की इस्तंबूलमध्ये काय शोधायचे ते सांगावे लागत नाही. तिथे बेयाझित चौकाजवळ ‘बाकिरजीलार’ नावाचा रस्ता आहे. ‘बाकिर’ म्हणजे तांबे, ‘बाकिरजी’ म्हणजे तांबट, ‘लार’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे ती त्यांची तांबट आळीच. झाकलेल्या मोठ्या बाजारातली ‘कुयुमजुलार’ ही त्यांची सराफांची पेठ. धंदेवाचक ‘जी’ किंवा ‘ची’ हा प्रत्यय आपल्याला नवा नाही. मशालची, तोफची, खजांची हे शब्द दरबारी फारसीच्या वाटेने मराठीत आले तेव्हा तो तुर्की प्रत्यय त्यांच्यासोबतच आला.

वर्गातले पहिले दिवस

पहिल्या दिवशी बहुधा पातळी ठरवण्याची चाचणी होते. काहीच येत नसेल तर तसे प्रामाणिकपणे लिहून पहिल्याच पातळीवर बसावे. शिक्षक स्त्री असो वा पुरुष, त्यांना ‘होजाम’ म्हणतात, आणि त्यात आदर आणि आपलेपणा दोन्ही आहेत.

लिपी दोन दिवसांत येते. तुर्की भाषा पूर्वी अरबी वळणाच्या लिपीत लिहीत. 1928 च्या नोव्हेंबरमध्ये कायद्याने रोमन लिपी आली आणि तिच्यात 29 अक्षरे आहेत. जसे लिहिले तसे वाचायचे ही आपली सवय तिथे चालते, फक्त काही अक्षरांचे इंग्रजी उच्चार विसरावे लागतात : सी या अक्षराचा उच्चार ‘ज’ होतो आणि त्याच अक्षराला खाली शेपटी दिली की तो ‘च’ होतो, एसला शेपटी दिली की ‘श’. आय हे अक्षर दोन प्रकारचे आहे, एक ठिपक्याचे आणि एक बिनठिपक्याचे, आणि ठिपका चुकला तर साधा शब्द असभ्य होऊ शकतो, म्हणून फोनवर पहिल्याच दिवशी तुर्की कळफलक बसवा. बिनठिपक्याच्या स्वरासाठी ओठ ‘ई’सारखे ताणून ‘ऊ’ म्हणण्याचा प्रयत्न करा. दोन ठिपके डोक्यावर घेतलेल्या ‘ओ’साठी ओठ गोल ठेवून ‘ए’ म्हणा, आणि तशाच ‘उ’साठी ओठ गोल ठेवून ‘ई’ म्हणा. हे तिन्ही स्वर मराठीत नाहीत, त्यामुळे इथे मी सोयीसाठी देवनागरीत लिहीत असलो तरी तुम्ही आपल्या वहीत तुर्की शब्द देवनागरीत लिहू नका. देवनागरीत लिहिलेला उच्चार कानात पक्का बसला की पुढे तो सुधारायला महिने लागतात.

व्याकरणात सर्वांत आधी स्वरांची संगत समजून घ्या. मराठीत प्रत्यय लागताना मूळ शब्द बदलतो आणि प्रत्यय तसाच राहतो : घर, घरात, घरातून. तुर्कीत बहुधा मूळ शब्द तसाच राहतो आणि त्याच्या शेवटच्या स्वराला मिळेल असा प्रत्यय बदलतो. ‘एव’ म्हणजे घर, म्हणून घरात ‘एवदे’, घरातून ‘एवदेन’. पण ‘ओकुल’ म्हणजे शाळा, म्हणून शाळेत ‘ओकुलदा’, शाळेतून ‘ओकुलदान’. प्रत्ययाला प्रत्यय जोडत ‘एवलेरिमिझदेन’ असा एक शब्द होतो, त्याचा अर्थ ‘आमच्या घरांतून’. तो पाहून युरोपीय सहाध्यायी घाबरतात. ज्याने ‘घरातल्यांच्याकडूनसुद्धा’ हा शब्द आयुष्यभर सहज वापरला आहे, त्याने घाबरण्याचे कारण नाही.

आकडे तर मराठी माणसाला विश्रांती वाटावेत. आपल्याला शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्या वेगळी पाठ करावी लागली. तुर्कीत एक ते नऊ आणि दहा ते नव्वद असे अठरा शब्द आले की नव्व्याण्णवपर्यंत सगळे येते. मात्र आपण ‘पंचेचाळीस’मध्ये पाच आधी म्हणतो आणि ते चाळीस आधी म्हणतात, त्यामुळे दुकानात किंमत ऐकताना पहिले काही दिवस घोळ होतो. ‘अर्धा’ आणि ‘साडे’ यांतला भेद मात्र त्यांच्याकडेही आहे : नुसता अर्धा तो ‘यारिम’, पूर्णांकानंतरचा अर्धा तो ‘बुचुक’. भारत आणि तुर्की यांच्या घड्याळांतले अंतर बाराही महिने ‘इकी बुचुक’ तास असते, म्हणजे अडीच. घरी फोन करताना हे रोज म्हणायचे, की पाठ होते.

माणसांना हाक मारायला तर फार शिकावे लागत नाही. अनोळखी वयस्कर बाईंना ‘तेय्झे’ म्हणजे मावशी, वयस्कर पुरुषाला ‘आम्जा’ म्हणजे काका, थोड्या मोठ्या मुलाला ‘आबी’ म्हणजे दादा आणि मुलीला ‘आब्ला’ म्हणजे ताई म्हणतात. मामा, आत्या आणि वहिनी यांनाही वेगळे शब्द आहेत. ‘सेन’ म्हणजे तू आणि ‘सिझ’ म्हणजे तुम्ही, आणि कोणाला कोणते म्हणायचे याची जाण आपल्याला घरूनच आलेली असते. पुस्तक-बिस्तक म्हणतात तसे ते ‘किताप मिताप’ म्हणतात. नाही म्हणताना ते अनेकदा शब्द न वापरता भुवया आणि मान वर उचलून जिभेने ‘च्’ करतात. आपल्या आजीही हेच करतात, पण मान वर गेलेली पाहून तो होकार समजू नका.

फेनेर आणि बालात

पहिल्या आठवड्यात प्रसिद्ध वास्तूंच्या मागे धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कुठे जात नाहीत, आणि तिथे सगळे तुमच्याशी इंग्रजीत बोलतात. शिकणाऱ्याने आधी एक जुनी, राहती वस्ती निवडावी आणि तिथेच पुन्हा पुन्हा जावे. मी हालिच या खाडीच्या दक्षिण काठावरची फेनेर आणि बालात ही जोडवस्ती सुचवतो. एमिनोन्यूहून काठाकाठाने ट्राम जाते आणि दोन्ही ठिकाणी तिचे थांबे आहेत. फेनेर ही जुनी ग्रीक वस्ती. सुमारे 1600 पासून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाच्या प्रमुख धर्मगुरूंचे पीठ तिथे आहे. बालात ही मुख्यतः ज्यूंची वस्ती होती. 1492 मध्ये स्पेनमधून घालवून दिलेल्यांपैकी अनेक कुटुंबे तिथे आली आणि त्यांनी आपली स्पॅनिश वळणाची भाषा शतकानुशतके जपली. आज तिथे राहणाऱ्या कुटुंबांपैकी अनेक अनातोलियातून, विशेषतः काळ्या समुद्राच्या बाजूने, विसाव्या शतकात आलेली आहेत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

पहिल्या दिवशी फक्त खालचा सपाट काठ चालावा. काठावरचे बल्गेरियन चर्च ओतीव लोखंडाचे आहे. खाडीकाठची जमीन भुसभुशीत असल्याने हलकी इमारत हवी होती, म्हणून त्याचे भाग व्हिएन्नात ओतून डॅन्यूब नदी आणि काळ्या समुद्रातून जहाजाने आणले आणि 1898 मध्ये ते उघडले. भिंतीवर बोटाचे पेर हलकेच वाजवले की दगडासारख्या दिसणाऱ्या नक्षीतून पत्र्याचा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी चढ घ्यावा. चढाच्या रस्त्याला ‘योकुश’ म्हणतात. जुने नाशिक नऊ टेकड्यांवर वसले असे आपण सांगतो, इस्तंबूल सात टेकड्यांचे आहे, आणि गंगेवरून गावठाणात चढून येणाऱ्या गल्ल्यांची सवय असलेल्या पायांना हे चढ ओळखीचे वाटतात. फक्त पावसात तिथली फरसबंदी फार निसरडी होते, म्हणून तळाला पकड असलेले बूट घाला. निफाडची थंडी कोरडी असते. इथली खाडीवरच्या वाऱ्यासोबत ओली येते.

अरुंद घरांच्या पहिल्या मजल्यावरून रस्त्यावर झुकलेली जी खिडकीची खोली दिसते तिला ‘जुम्बा’ म्हणतात. तिच्यात बसून आतल्या माणसाला गल्लीची दोन्ही टोके दिसतात, म्हणजे तुम्ही कोणाला पाहण्याआधी कोणीतरी तुम्हाला पाहिलेले असते. म्हणूनच वाळत घातलेल्या कपड्यांचे, दारात बसलेल्या बायकांचे आणि खेळणाऱ्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. फोटोसाठी येणाऱ्यांच्या गर्दीने तिथले रहिवासी आधीच त्रासलेले आहेत.

बोलणे सुरू करण्यासाठी एकच वाक्य पुरेसे आहे : ‘कोलाय गेल्सिन’. काम करत असलेल्या कोणालाही, मग तो पाव भाजणारा असो, झाडणारा असो की दुकानात हिशेब मांडणारा, हे म्हणायचे असते. ‘काम सोपे जावो’ असा त्याचा अर्थ. हे न म्हणता थेट किंमत विचारणारा परका ठरतो, आणि हे म्हणून थांबणाऱ्याला बहुधा चहा मिळतो. चहा कमरेत बारीक अशा छोट्या काचेच्या पेल्यात, बिनदुधाचा येतो. फिका हवा तर ‘आचिक’ म्हणावे, कडक हवा तर ‘देम्ली’.

बुधवारचा बाजार

बालातच्या वरच्या अंगाला फातिह भागात दर बुधवारी मोठा आठवडे बाजार भरतो. वस्तीचे नावच ‘चार्शाम्बा’, म्हणजे बुधवार. आपला गंगेवरचा बाजारही बुधवारचाच, त्यामुळे मला तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा घरच्या वाराला घरचे काम केल्यासारखे वाटले. वर्ग सुटल्यावर, दुपार उतरल्यावर जावे. विक्रेत्यांना तेव्हा थोडी उसंत असते. आठवड्याचे वारही तिथेच पाठ करावेत : ‘पाझार’ म्हणजे बाजार आणि रविवारसुद्धा, आणि ‘पाझारतेसी’ म्हणजे रविवारनंतरचा, सोमवार.

या बाजारात एकच प्रत्यय घेऊन हिंडा : ‘सिझ’, इथे ‘तुम्ही’ नव्हे, तर ‘बिन’. द्राक्षांच्या ढिगापाशी ‘चेकिरदेकसिझ’ अशी पाटी असते. ‘चेकिरदेक’ म्हणजे बी, म्हणजे बिनबियांची द्राक्षे, ‘उझुम’. तिथे ज्यांना ‘सुलतानी’ म्हणतात तो वाण आणि आपल्याकडे थॉमसन सीडलेस म्हणून लावला जाणारा वाण मुळात एकच. दिंडोरी-पिंपळगावच्या बागा पाहिलेल्या माणसाने तो लांबट, पोपटी मणी हातात घेतला की हा शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही. मग पुढे जा : साखरेशिवाय चहा ‘शेकेरसिझ’, दुधाशिवाय ‘सुतसुझ’, मिठाशिवाय ‘तुझसुझ’, मांसाशिवाय ‘एतसिझ’. शेवटचा स्वर कसा बदलतो ते विक्रेत्याच्या तोंडून ऐका, कारण स्वरांची संगत फळ्यावर नियम म्हणून कळते आणि बाजारात कानाला कळते. शाकाहारी मंडळींनी मात्र ‘एतसिझ’ एवढ्यावर थांबू नये. मसुराच्या डाळीचे सूप सगळीकडे मिळते, पण ते कधी कधी हाडांच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले असते आणि कोंबडीला अनेक जण ‘एत’मध्ये धरत नाहीत. म्हणून ‘एत सुयू वार मि, तावुक सुयू वार मि’ असे दोन्ही विचारावे.

ओळखीचे शब्द जपून वापरा. ‘दुक्क्यान’, ‘शेकेर’, ‘साबुन’, ‘हेसाप’ हे अर्थासह ओळखू येतात. पण ‘झोर’ म्हणजे जोर नव्हे, कठीण. ‘मिसाफिर’ म्हणजे प्रवासी नव्हे, पाहुणा. ‘देफ्तेर’ म्हणजे दप्तर नव्हे, वही. आणि वस्तीतला ‘मुहतार’ हा आपल्या मुखत्याराचा भाऊ असला तरी तो लोकांनी निवडून दिलेला वस्तीप्रमुख असतो, ज्याच्याकडे पत्त्यासंबंधीच्या कामासाठी जावे लागते.

जुन्या घरांबद्दल विचारताना

दुसऱ्या आठवड्यात एका योकुशावर मी थांबलो होतो. वरच्या जुम्बातून एका वृद्ध बाईंनी दोरीला बांधलेली वेताची टोपली खाली सोडली, कोपऱ्यावरच्या वाण्याला दोन पाव मागितले, वाण्याने पाव टोपलीत ठेवून तिच्यातल्या नोटा उचलल्या आणि टोपली हलत हलत वर गेली. समोर विटांचे धुराडे असलेले एक बंद दुकान होते. मी मावशींना विचारले, ‘तेय्झे, बुरासी ने?’ ही जागा कसली? त्या म्हणाल्या, ‘एस्किदेन बुरादा बिर फिरिन वारमिश.’

वर्गात आम्हाला भूतकाळाचा एकच प्रत्यय शिकवला होता, त्यानुसार हे वाक्य ‘वारदी’ असे संपायला हवे होते. पण शेवटचा ‘मिश’ ऐकताक्षणी मला अर्थ कळला, कारण मराठीत त्याला नेमका शब्द आहे : पूर्वी इथे एक पावभट्टी होती म्हणे. ‘गेल्दी’ म्हणजे आला, आणि मी पाहिले; ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे, मला कळले. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा प्रत्यय समजावायला शिक्षकांना दोन तास लागले. मावशी लग्न होऊन काळ्या समुद्राकडून तिथे आल्या होत्या. भट्टी त्यांच्या आधीची, म्हणून ‘वारमिश’. पुढे त्यांनी शेजारच्या घरातल्या शिंप्याबद्दल सांगितले तेव्हा वाक्य ‘वारदी’ने संपले, कारण त्याच्याकडून त्यांनी स्वतः कपडे शिवून घेतले होते. ज्या वस्तीतली माणसे एकदा पूर्ण बदलली आहेत, तिथे कोणती गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली आणि कोणती ऐकलेली, हे क्रियापदाचे शेपूट सांगते. म्हणून जुन्या घराबद्दल विचारताना माहितीइतकेच वाक्याच्या शेवटाकडे कान ठेवा.

जे कोणालाच आठवत नाही ते कधी कधी दगडावर असते. वस्तीतल्या जुन्या पाणपोयांवर, ‘चेश्मे’वर, जुन्या लिपीतला लेख कोरलेला असतो आणि तो शेजारच्या दुकानदारालाच काय, अनेकदा तुमच्या शिक्षकांनाही वाचता येत नाही, पणजोबांचे मोडीतले कागद हातात घेऊन आपण बसतो, तशीच ती स्थिती आहे. पण त्या लिपीचे दहा आकडे एका संध्याकाळी शिकता येतात. लेखाच्या तळाशी हिजरी वर्ष असते, त्याला 0.97 ने गुणून 622 मिळवले की इसवी सनाचे वर्ष जवळपास मिळते. 1150 असे कोरले असेल तर ती पाणपोई 1737 च्या सुमाराची.

दर भेटीनंतर ऐकलेली पाच वाक्ये ‘मिश’ किंवा ‘दी’ या शेवटासह वहीत उतरवा, कोणी सांगितले तेही लिहा, आणि सोमवारी वर्ग सुरू होण्याआधी ती वही होजामसमोर ठेवून दुरुस्त करून घ्या. दुरुस्त झालेली वाक्ये घेऊन त्याच आठवड्यात त्याच गल्लीत परत जा आणि त्याच मावशींना मोठ्याने वाचून दाखवा. होजामनी जिथे लाल शाई वापरली नसेल, तिथेही त्या तुमचा एखादा स्वर नीट करून देतील.